इंग्रजी वाक्याची रचना ओळखताना उभयान्वयी अव्यय पाहावे की क्रियापद?

तापीकाठची (चोपडा)

नमस्कार. माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी राज्य लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेच्या मुख्य परीक्षेची तयारी करीत आहे. इंग्रजी व्याकरणात काळ, प्रयोग आणि शब्दयोगी अव्यये हे घटक सरावाने बऱ्यापैकी जमतात, परंतु दिलेले वाक्य सिंपल (केवल) आहे, कम्पाउंड (संयुक्त) आहे की कॉम्प्लेक्स (मिश्र), असा प्रश्न आला की माझी उत्तरे भरवशाची राहत नाहीत.

मला जी पद्धत शिकवली गेली ती अशी आहे : वाक्यात ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ यांपैकी एखादा शब्द दिसला तर वाक्य कम्पाउंड समजावे, ‘इफ’, ‘दो’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’, ‘दॅट’, ‘हू’, ‘विच’ यांपैकी काही दिसले तर कॉम्प्लेक्स समजावे, आणि यांतले काहीच नसेल तर सिंपल. या पद्धतीने सोपी वाक्ये सुटतात. मात्र पुढील पाच वाक्यांची उत्तरे वेगवेगळ्या सरावसंचांत वेगवेगळी दिलेली आहेत, किंवा दिलेले उत्तर या पद्धतीशी जुळत नाही.

(१) ‘द फार्मर कट द बंचेस अँड लोडेड देम इन द ट्रक.’
(२) ‘द बनानाज सेंट टू डेल्ही अराइव्ह्ड इन गुड कंडिशन.’
(३) ‘आय नो ही विल कम.’
(४) ‘इन स्पाइट ऑफ द हीट, द मार्केट वॉज फुल.’
(५) ‘ही वेटेड अंटिल द ट्रेन लेफ्ट भुसावळ.’

पहिल्या वाक्याला एका संचात सिंपल म्हटले आहे आणि दुसऱ्यात कम्पाउंड. तिसऱ्या वाक्यात जोडणारा एकही शब्द नसताना ते कॉम्प्लेक्स ठरवले आहे. चौथ्या वाक्याचा अर्थ ‘दो’ असलेल्या वाक्यासारखाच असूनही ते सिंपल म्हणून दिले आहे. उभयान्वयी अव्ययांची यादी आणखी वाढवून ती पाठ करावी, की ओळखण्याची मुळातच वेगळी रीत आहे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

साक्रीकर

ताई, प्रश्न उदाहरणांसह मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. तुमच्या यादीतले शब्द बरोबर आहेत, पण ती यादी दुसऱ्या पायरीवर वापरायची असते. पहिल्या पायरीवर वाक्यात फायनाइट व्हर्ब किती आहेत हे मोजावे लागते, कारण क्लॉज, म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला वाक्याचा भाग, तयार होतो तो फायनाइट व्हर्बमुळे. जोडणारा शब्द फक्त दोन क्लॉजमधले नाते सांगतो, आणि पुष्कळदा तो दोन नामेच जोडत असतो. ‘रावेर अँड यावल ग्रो बनानाज’ या वाक्यात ‘अँड’ आहे, परंतु क्रियापद ‘ग्रो’ हे एकच आहे, म्हणून वाक्य सिंपल आहे.

फायनाइट व्हर्ब म्हणजे जे क्रियापद स्वतः काळ दाखवते ते. ते शोधण्यासाठी मी मुलांना एकच कृती करायला लावतो. वाक्य भूतकाळात असेल तर ते वर्तमानकाळात आणावे, वर्तमानकाळात असेल तर भूतकाळात न्यावे, आणि असे करताना कोणते शब्द बदलावे लागले ते पाहावे. जे बदलतात ते फायनाइट. जे हलत नाहीत ते क्रियापदासारखे दिसत असले तरी या मोजणीत धरायचे नाहीत.

तुमच्या दुसऱ्या वाक्यावर हा प्रयोग करून पाहा. वर्तमानकाळात ते ‘द बनानाज सेंट टू डेल्ही अराइव्ह इन गुड कंडिशन’ असे होते. ‘अराइव्ह्ड’चे ‘अराइव्ह’ झाले आणि ‘सेंट’ जागेवरच राहिले. याचा अर्थ येथे ‘सेंट’ हे भूतकाळाचे क्रियापद नसून पास्ट पार्टिसिपल आहे आणि ते ‘बनानाज’चे विशेषण म्हणून काम करते : दिल्लीला पाठवलेली केळी. क्रियापद एकच, वाक्य सिंपल. याच वाक्यात ‘विच वेअर सेंट टू डेल्ही’ असे लिहिले असते तर ‘वेअर’ हे दुसरे फायनाइट व्हर्ब आले असते आणि वाक्य कॉम्प्लेक्स झाले असते. नियमित क्रियापदांचे भूतकाळाचे रूप आणि पार्टिसिपल दिसायला सारखेच असते, आणि प्रश्न काढणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते, म्हणून अशी वाक्ये वारंवार येतात.

तिसरे वाक्य भूतकाळात नेले की ‘आय न्यू ही वुड कम’ असे होते. येथे दोन्ही क्रियापदे बदलली, म्हणजे क्लॉज दोन आहेत. मधला ‘दॅट’ गाळलेला आहे आणि इंग्रजीत तो सर्रास गाळतात. ‘द बुक आय बॉट इज टॉर्न’ यातही ‘बुक’नंतरचा ‘दॅट’ किंवा ‘विच’ गळालेला आहे. जोडणारा शब्द गळाला तरी क्रियापद डोळ्यांसमोर राहते, म्हणून मोजणी चुकत नाही.

आता दुसरी पायरी. क्लॉज दोन निघाले, तर ते शेजारी शेजारी उभे आहेत की एक दुसऱ्याच्या पोटात बसला आहे, हे पाहायचे. ‘आय नो’ म्हटल्यावर काय माहीत आहे असा प्रश्न उरतो आणि ‘ही विल कम’ हा क्लॉज त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून कर्माच्या जागी बसतो. एक क्लॉज अशा रीतीने दुसऱ्यातली नामाची, विशेषणाची किंवा क्रियाविशेषणाची जागा भरत असेल तर वाक्य कॉम्प्लेक्स. कोणीच कोणाची जागा भरत नसेल आणि मध्ये ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘नॉर’, ‘यट’, ‘सो’ किंवा कारण सांगणारा ‘फॉर’ असेल तर कम्पाउंड. तुमची यादी उपयोगी पडते ती येथे.

चौथ्या वाक्यात ‘वॉज’ हे एकच क्रियापद आहे. ‘इन स्पाइट ऑफ’च्या पुढे ‘द हीट’ हे नाम आले आहे, क्लॉज आलेला नाही, त्यामुळे ते वाक्य सिंपल. तोच आशय ‘दो इट वॉज हॉट, द मार्केट वॉज फुल’ असा मांडला की कॉम्प्लेक्स होतो आणि ‘इट वॉज हॉट, बट द मार्केट वॉज फुल’ असा मांडला की कम्पाउंड होतो. तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे, म्हणून अर्थावरून रचना ठरवायला गेलात तर हमखास फसाल. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत एका रचनेचे वाक्य दुसऱ्या रचनेत लिहायला सांगतात, तो प्रश्न याच गोष्टीवर उभा आहे.

पाचव्या वाक्यात ‘वेटेड’ आणि ‘लेफ्ट’ ही दोन क्रियापदे आहेत आणि ‘अंटिल’पासूनचा भाग केव्हापर्यंत वाट पाहिली हे सांगतो, म्हणून ते कॉम्प्लेक्स. पण ‘ही वेटेड अंटिल मिडनाइट’ हे वाक्य सिंपल आहे. ‘अंटिल’, ‘टिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’ हे शब्द कधी उभयान्वयी अव्यय असतात तर कधी शब्दयोगी, आणि पुढे काय आले आहे हे पाहिल्याखेरीज ते कळत नाही.

एक सूचना सहायक क्रियापदांबद्दल. ‘द फार्मर्स हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग’ यात तीन क्रियापदे मोजू नयेत. काळ बदलला की फक्त ‘हॅव’चे ‘हॅड’ होते, म्हणून तो संपूर्ण गट मिळून एक क्रियापद. ‘मस्ट’सारखे मोडल, म्हणजे शक्यता किंवा बंधन दाखवणारी सहायक क्रियापदे, काळ बदलताना रूप बदलत नाहीत, तरीही मोडल नेहमी फायनाइटच असतो, मोडल मोजकेच असल्याने एवढा अपवाद लक्षात ठेवणे जड जात नाही.

पहिल्या वाक्याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते ते सिंपल आहे, कारण ‘फार्मर’ हा कर्ता एकच आहे आणि ‘कट’ व ‘लोडेड’ ही त्याचीच दोन विधेये आहेत.

---

शहादेकर

साक्रीकर सरांचे विवेचन मला पटते, परंतु पहिल्या वाक्याविषयी त्यांनी दिलेले उत्तर परीक्षार्थींनी तसेच्या तसे घेऊ नये, असे मी सुचवेन. मी शहाद्यात स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन करते आणि दरवर्षी या एका मुद्द्यावर वर्गात वाद होतो.

एक कर्ता आणि ‘अँड’ने जोडलेली दोन क्रियापदे, या रचनेबद्दल दोन परंपरा आहेत. आजची बहुतेक अमेरिकन शालेय पुस्तके कर्ता पुन्हा आलेला नसल्यामुळे तिला सिंपल म्हणतात आणि विधेय तेवढे जोडविधेय आहे असे सांगतात. भारतातील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या व्याकरणपुस्तकांत मात्र दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता अध्याहृत मानून ते वाक्य कम्पाउंड धरले जाते. आपल्याकडील रूपांतराचे प्रश्नही याच गृहीतकावर बेतलेले असतात. ‘हॅविंग कट द बंचेस, द फार्मर लोडेड देम इन द ट्रक’ हे सिंपल वाक्य देऊन ते कम्पाउंड करायला सांगितले जाते आणि अपेक्षित उत्तर ‘द फार्मर कट द बंचेस अँड लोडेड देम’ असेच असते. ते उत्तरही सिंपलच मानायचे असेल तर त्या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही.

म्हणून माझा सल्ला दोन प्रकारचा आहे. लेखी उत्तर स्वतः लिहायचे असेल तेव्हा कर्ता पुन्हा लिहावा : ‘द फार्मर कट द बंचेस, अँड ही लोडेड देम इन द ट्रक.’ हे वाक्य दोन्ही परंपरांत निर्विवाद कम्पाउंड आहे आणि कोणताही परीक्षक त्याचे गुण कापू शकत नाही. बहुपर्यायी प्रश्नात मात्र कम्पाउंड हा पर्याय निवडावा, कारण प्रश्न काढणारे बहुधा जुन्या परंपरेत शिकलेले असतात. आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो, त्या वेळी दुसऱ्या परंपरेचा आधार देता येतो. पण हरकत मान्य होईल या आशेवर पर्याय निवडणे शहाणपणाचे नाही.

‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ची गतही अशीच आहे. ‘नॉट ओन्ली कॉटन बट ऑल्सो मेझ ग्रोज हिअर’ यात क्रियापद एक आहे, त्यामुळे ते सिंपल; आणि ‘ही नॉट ओन्ली सिंग्ज बट ऑल्सो डान्सेस’ हे वाक्य वरच्याच वादात सापडते, ज्यात मी पुन्हा कम्पाउंडच म्हणेन. आज्ञार्थी वाक्यांबद्दल मात्र कोणाचेच दुमत नाही. ‘वर्क हार्ड ऑर यू विल फेल’ यात पहिल्या क्लॉजचा ‘यू’ हा कर्ता लिहिलेला नसला तरी तो तेथे आहेच असे सर्व जण मानतात, म्हणून ते वाक्य कम्पाउंड.

---

अमळनेरचा वाचक

वरील दोन्ही उत्तरे इंग्रजीच्या बाजूने लिहिलेली आहेत. मी मराठीच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आपल्या मुलांचा गोंधळ पुष्कळदा तिथून सुरू होतो.

आपण शाळेत केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये शिकतो आणि तीच विभागणी इंग्रजीत सिंपल, कम्पाउंड, कॉम्प्लेक्स या नावांनी पुन्हा भेटते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून मराठी व्याकरणकारांनी इंग्रजी व्याकरणाचा साचा डोळ्यांपुढे ठेवलेला आहे, त्यामुळे नावे आणि व्याख्या दोन्हीकडे जुळतात यात नवल नाही. व्याख्या जुळल्या म्हणून वाक्येही जुळतील असे मात्र नाही. मराठीत जे वाक्य केवल असते, त्याचे अगदी स्वाभाविक इंग्रजी रूप अनेकदा कॉम्प्लेक्स असते.

याचे कारण मराठीतील धातुसाधिते, म्हणजे धातूपासून बनलेली पण स्वतः काळ न दाखवणारी रूपे. ‘पाऊस पडल्यावर पेरणी सुरू झाली’ या वाक्यात काळ दाखवणारे क्रियापद ‘झाली’ हे एकच आहे आणि ‘पडल्यावर’ हे धातुसाधित आहे, म्हणून वाक्य केवल. इंग्रजीत हेच आपण ‘आफ्टर इट रेन्ड, द सोइंग बिगॅन’ असे म्हणतो आणि तिथे ‘रेन्ड’ व ‘बिगॅन’ अशी दोन पूर्ण क्रियापदे येतात. ‘काल आलेला मुलगा पारोळ्याचा आहे’ हे केवल वाक्य आहे. इंग्रजीत ‘द बॉय हू केम यस्टरडे इज फ्रॉम पारोळा’ हे कॉम्प्लेक्स आहे. ‘जो मुलगा काल आला तो पारोळ्याचा आहे’ असे मिश्र वाक्य मराठीत करता येते, पण रोजच्या बोलण्यात तसे कोण बोलतो? उलट इंग्रजीत ‘हू’ लावून बोलणे हीच नेहमीची रीत आहे.

‘-ऊन’ प्रत्ययाचेही तेच. शेतकऱ्याने घड कापून, धुऊन, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून गाडीत चढवले, असे कितीही लांबवले तरी मराठी वाक्य केवलच राहते. घरी अहिराणी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘करीसन’, ‘जाईसन’ ही रूपे असतात आणि तीही एकामागून एक कितीही जोडता येतात. इंग्रजीत ‘हॅविंग’ची अशी माळ चालत नाही, तिथे ‘अँड’ लावून पूर्ण क्रियापदे मांडावी लागतात. त्यामुळे शहादेकर ताईंनी सांगितलेला ‘अँड’चा वाद आपल्याकडच्या विद्यार्थ्याला अधिक छळतो : त्याच्या मनात घड कापणे आणि गाडीत भरणे ही एका वाक्यातली एकच कृती असते.

यावर माझा उपाय असा की, इंग्रजी वाक्याचे मराठी भाषांतर करून मग रचना ओळखण्याची सवय पूर्णपणे सोडून द्यावी. भाषांतर मनात आले की वाक्य केवल वाटू लागते आणि कॉम्प्लेक्सवर सिंपलची खूण होते. साक्रीकर सरांनी सांगितलेली काळ बदलण्याची कृती इंग्रजी वाक्यावरच करावी. ती मराठीतून केली तर निकाल मराठी वाक्याचा मिळेल.

---

भुसावळ जंक्शन

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु परीक्षेच्या दालनात प्रत्येक वाक्याचा काळ बदलत बसण्याइतका वेळ मिळत नाही. मी स्वतः याच परीक्षेतून नोकरीला लागलो आहे आणि मला उभयान्वयी अव्ययांची यादीच कामाला आली. प्रश्नपत्रिकेतील बहुसंख्य वाक्यांत ‘दो’, ‘इफ’, ‘बट’ असा ठळक शब्द असतो आणि तो दिसताच उत्तर देता येते. काळ बदलण्याची कृती फक्त शंका असलेल्या वाक्यांसाठी राखून ठेवावी, असे माझे मत आहे.

---

साक्रीकर

हे मला मान्य आहे, फक्त जोडणारा शब्द दिसल्यावर थेट उत्तराकडे न जाता त्याच्या पुढचे तीन-चार शब्द वाचावेत. तिथे कर्ता आणि क्रियापद असेल तर यादी वापरण्यास हरकत नाही. नुसते नाम किंवा ‘आयएनजी’ने संपणारे रूप असेल तर तो जोडणारा शब्द क्लॉज जोडत नाही. ‘आफ्टर रीचिंग धुळे, ही फोन्ड हिज सिस्टर’ यात ‘आफ्टर’ दिसतो, पण पुढे ‘रीचिंग’ आहे, म्हणून सिंपल. यासाठी फार तर दोन सेकंद लागतात.

---

तापीकाठची (चोपडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साक्रीकर सर आणि शहादेकर ताई, आपल्या उत्तरांवरून सराव करताना आणखी तीन ठिकाणी अडले.

पहिली अडचण ‘सो’ या शब्दाची आहे. ‘ही वॉज टायर्ड, सो ही स्लेप्ट’, ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट’ आणि ‘ही लेफ्ट अर्ली सो दॅट ही माइट कॅच द ट्रेन’ या तिन्हींत ‘सो’ आहे. दुसरी अडचण ‘नो सूनर... दॅन’ची. तिसरी अशी की, एकाच वाक्यात ‘दो’ही असेल आणि ‘अँड’ने जोडलेले दोन स्वतंत्र क्लॉजही असतील, तर काय म्हणावे? काही संचांत कम्पाउंड-कॉम्प्लेक्स असा चौथा पर्याय दिलेला असतो आणि काहींत तो नसतोच.

---

शहादेकर

‘सो’बद्दल मी सांगते. पहिल्या वाक्यात दोन स्वतंत्र विधाने आहेत आणि ‘सो’ त्यांच्यामध्ये परिणाम दाखवत उभा आहे, त्यामुळे ते कम्पाउंड. दुसऱ्यात ‘सो’ हे ‘टायर्ड’चे क्रियाविशेषण आहे आणि ‘दॅट’पासूनचा क्लॉज किती थकला होता हे सांगतो, तो एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून कॉम्प्लेक्स. तिसऱ्यात ‘सो दॅट’ हा जोडशब्द हेतू दाखवतो, तेही कॉम्प्लेक्स. ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा असा जो प्रश्न येतो तो दुसऱ्या प्रकाराचा जुळा भाऊ आहे : ‘ही इज टू वीक टू वॉक’ हे सिंपल, कारण ‘टू वॉक’ला काळ नाही, आणि ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ हे कॉम्प्लेक्स.

‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ यांच्याबाबत मात्र सावध राहावे. अर्थाने ते ‘बट’ आणि ‘सो’च्या जवळचे असले तरी ते क्रियाविशेषण आहेत. त्यांच्या आधी अर्धविराम असेल तर दोन्ही भाग मिळून एक कम्पाउंड वाक्य होते, आणि पूर्णविराम असेल तर ती दोन वेगळी वाक्ये होतात. छापील प्रश्नपत्रिकेत हे विरामचिन्ह नीट पाहून घ्यावे.

---

साक्रीकर

उरलेल्या दोन अडचणींपैकी ‘नो सूनर’ची लवकर सुटते. ‘नो सूनर हॅड ही रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट’ यात ‘हॅड रीच्ड’ आणि ‘लेफ्ट’ अशी दोन क्रियापदे आहेत, आणि ‘दॅन’पासूनचा क्लॉज तुलनेसाठी पहिल्याला चिकटलेला असल्याने तो गौण आहे. वाक्य कॉम्प्लेक्स. ‘ॲज सून ॲज’ वापरूनही ते कॉम्प्लेक्सच राहते, परंतु तिथे गौण क्लॉज बदलतो : पोहोचण्याचा क्लॉज गौण होतो आणि गाडी सुटण्याचा मुख्य. ‘ऑन रीचिंग द स्टेशन’ असे केले की सिंपल होते, मात्र अशा वेळी मुख्य क्लॉजचा कर्ता पोहोचणाराच ठेवावा लागतो, नाहीतर गाडीच स्थानकावर पोहोचली असा अर्थ निघतो. ‘ऑन रीचिंग द स्टेशन, ही फाउंड द ट्रेन लीव्हिंग’ असे लिहावे.

‘दॅन’चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘ही रन्स फास्टर दॅन आय डू’ हे कॉम्प्लेक्स आहे. ‘दॅन आय’ एवढेच लिहिले तरी जुन्या पद्धतीत पुढचे क्रियापद अध्याहृत मानतात आणि वाक्य कॉम्प्लेक्सच धरतात. ‘दॅन मी’ लिहिले की ‘दॅन’ला शब्दयोगी अव्यय मानून वाक्य सिंपल धरण्याकडे कल असतो. एवढ्या निसरड्या वाक्यावर प्रश्न काढू नये असे मला वाटते, पण काढतात.

चौथ्या प्रकाराबद्दल : स्वतंत्र क्लॉज दोन किंवा अधिक आणि गौण क्लॉज किमान एक असेल, तर वाक्य कम्पाउंड-कॉम्प्लेक्स. ‘दो इट रेन्ड, द ट्रेन केम ऑन टाइम अँड वी रीच्ड नंदुरबार बिफोर डार्क.’ येथे ‘रेन्ड’, ‘केम’, ‘रीच्ड’ ही तीन क्रियापदे आहेत. ‘केम’ आणि ‘रीच्ड’ यांचे क्लॉज स्वतंत्र, ‘रेन्ड’चा गौण, आणि ‘बिफोर डार्क’मध्ये क्रियापद नसल्याने तो क्लॉजच नाही. पर्यायांत कम्पाउंड-कॉम्प्लेक्स दिलेले नसेल तर असे वाक्य कम्पाउंड म्हणून नोंदवावे, कारण आपल्याकडील जुन्या तीन प्रकारांच्या पद्धतीत स्वतंत्र क्लॉज एकाहून अधिक असले की वाक्य कम्पाउंड, मग त्यांपैकी एखाद्याला गौण क्लॉज चिकटलेला असो वा नसो. कॉम्प्लेक्समध्ये मुख्य क्लॉज एकच असतो, गौण कितीही असू शकतात.

आता एखादे लांब वाक्य तुम्ही स्वतः रचून इथे सोडवून दाखवा, म्हणजे कुठे अडते ते कळेल.

---

तापीकाठची (चोपडा)

सर, प्रयत्न करते.

‘द ट्रेन दॅट लीव्ह्ज भुसावळ ॲट नाइट वॉज लेट, सो वी सॅट ऑन द प्लॅटफॉर्म टिल डॉन अँड लिसन्ड टू द अनाउन्समेंट्स.’

काळ बदलला तर ‘लीव्ह्ज’, ‘वॉज’, ‘सॅट’ आणि ‘लिसन्ड’ हे चार शब्द बदलतात. ‘दॅट लीव्ह्ज भुसावळ ॲट नाइट’ हा क्लॉज कोणती गाडी हे सांगतो, म्हणून तो विशेषणाचे काम करणारा गौण क्लॉज. ‘द ट्रेन वॉज लेट’ आणि ‘वी सॅट’ हे दोन स्वतंत्र क्लॉज असून मध्ये ‘सो’ आहे. ‘लिसन्ड’चा कर्ता पुन्हा आलेला नाही, त्यामुळे तो शहादेकर ताईंच्या रीतीने तिसरा स्वतंत्र क्लॉज आणि सरांच्या रीतीने दुसऱ्याच क्लॉजचे विधेय. दोन्ही रीतींनी स्वतंत्र क्लॉज किमान दोन उरतात, म्हणून वाक्य कम्पाउंड-कॉम्प्लेक्स. ‘टिल डॉन’च्या पुढे क्रियापद नाही, म्हणून तो भाग मी मोजलेला नाही.

---

साक्रीकर

उत्तर बरोबर आहे. ‘लीव्ह्ज’ हे एकच क्रियापद वर्तमानकाळात आहे, कारण ती गाडी रोज त्या वेळी सुटते. एका वाक्यात दोन काळ आले तरी मोजणीत फरक पडत नाही. आता ‘टिल डॉन’च्या जागी ‘टिल द डे ब्रोक’ लिहून पाहा. ‘ब्रोक’मुळे क्रियापदे पाच होतील आणि गौण क्लॉज दोन होतील, पण वाक्याचा प्रकार तोच राहील. मात्र त्यातून ‘सो’पासून पुढचा सगळा भाग काढून टाकलात, तर उरलेले वाक्य कॉम्प्लेक्स होईल.